मदत हवी आहे: खारफुटीकाठच्या जंगली भाताच्या मुळांवरचा जिवाणू वेगळा होत नाहीये

गोव्यात खाडीकाठी वाढणाऱ्या पोर्टेरेशिया कोआर्क्टाटा या जंगली भाताच्या मुळांमधून स्वामीनाथानिया सॅलिटॉलरन्स वेगळा करायचा प्रयत्न करतोय. हा हवेतला नायट्रोजन स्थिर करणारा, फॉस्फेट विरघळवणारा, अ‍ॅसिटिक आम्ल बनवणाऱ्या गटातला जिवाणू. 2004 मध्ये त्याचं वर्णन झालं, ते याच भातावरून. 3 टक्के मिठातही वाढतो, म्हणून खारजमिनीसाठी मला तो फार मोलाचा वाटतो.

ओहोटीला मुळं चिखलासकट आणली, बर्फात ठेवली, त्याच दिवशी वापरली. नायट्रोजन नसलेलं साखरेचं अर्धघन मीडियम (जिवाणू वाढवायचं खाद्य), थोडं अ‍ॅसिटिक आम्ल, पीएच 5.5, तापमान 30 अंश. चौथ्या दिवशी पृष्ठभागाखाली पिवळसर पापुद्रा नीट दिसतो. पण त्यातले जिवाणू कॅल्शियम कार्बोनेटच्या प्लेटवर रेघा ओढून पसरवले की आम्लाने कार्बोनेट विरघळून येणारं पारदर्शक वलय येतच नाही, वर बुरशी माजते. बुरशीनाशक घातलं, दोनदा पुन्हा केलं, तेच.

मीडियममध्ये मीठ अजून घातलेलं नाही. सिक्वेन्सिंगला (डीएनए वाचून ओळख पटवायला) सध्या पैसे नाहीत, त्यामुळे प्लेटवरच ओळख पटवायची आहे.

अ‍ॅसिटिक आम्ल बनवणारे जिवाणू खाऱ्या मुळांतून कोणी काढलेत का? मीठ पहिल्याच मीडियममध्ये घालायचं की शुद्ध वसाहत मिळाल्यावर, आणि किती?