प्रति: आईला डर्मॅटोमायोसायटिस, मग माझ्या मुलींची जनुक तपासणी करू का?

ताई, घाई करू नका. माझ्या थोरल्या बहिणीला हाच आजार, स्नायू सुजून कमजोर होण्याचा आणि अंगावर पुरळ उठण्याचा. इथे सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत चालता चालता ती खालीच बसली, मांड्यांत जोरच उरला नव्हता. तेव्हा आम्हीही हेच विचारत फिरलो.

वर एकांनी ड्युशेन या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण दिलंय, ते इथे लागू पडत नाही. ड्युशेन एकाच जनुकातल्या बिघाडाने होतो. मायोसायटिसमध्ये, म्हणजे डर्मॅटोमायोसायटिस ज्यात मोडतो त्या स्नायूदाहाच्या आजारांत, अनेक जनुकं थोडाथोडा धोका वाढवतात. त्यातला सगळ्यात मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांचा. आपलं कोण, परकं कोण, हे रोगप्रतिकारक पेशींना दाखवण्याचं काम त्यांचं. युरोपीय वंशाच्या रुग्णांत डीआरबी१*०३:०१ हा एचएलएचा प्रकार जास्त आढळतो, विशेषतः रक्तात जो-१ नावाची, स्वतःच्याच शरीरावर उलटणारी अँटीबॉडी असलेल्यांत. पण तो प्रकार असलेली बहुतेक माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात, म्हणून निरोगी मुलींची तपासणी करून हाती काहीच लागत नाही. शिवाय युरोपीय रुग्णांवरून काढलेले आकडे आपल्या लोकांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

डीआरबी१*११:०१ या दुसऱ्या एचएलए प्रकाराचं नातं वेगळं आहे. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी घेतल्यावर क्वचित एचएमजीसीआर नावाच्या अशाच दुसऱ्या अँटीबॉडीचा मायोसायटिस होतो, त्यात तो प्रकार जास्त दिसतो. तरी मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आईंच्या अँटीबॉडीचा रिपोर्ट मात्र नीट जपून ठेवा. बहिणीचा आमच्याकडून हरवला आणि पुन्हा सगळं करावं लागलं. उन्हाने पुरळ वाढतं, तेव्हा आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्यांना पूर्ण बाह्यांचं घाला.