नारिंगी धुराचं काय?

खाणीतल्या ब्लास्टनंतर उडणाऱ्या धुळीचा मुद्दा पटला, पण "धूळ बसली की धोका संपला" असं जे म्हणतात ते काही बरोबर नाही. आमच्या चंद्रपूरकडे पावसाळ्यात ओपनकास्ट म्हणजे उघड्या खाणीत ब्लास्टनंतर कधीकधी नारिंगी धूर उठतो, पोरं गच्चीवरून व्हिडिओ काढत बसतात, तो नायट्रोजन डायऑक्साइड हा विषारी वायू आहे हो! खाणीत वापरतात त्या एएनएफओ स्फोटकात साधारण 94 टक्के अमोनियम नायट्रेट नि 6 टक्के डिझेल, स्फोटक भरायच्या होलमध्ये पाणी शिरलं किंवा डिझेल कमी पडलं की रिअ‍ॅक्शन अर्धवट होते आणि हा वायू सुटतो. जास्त छातीत गेला तर आधी नुसता खोकला, डोळे चुरचुरतात, माणूस म्हणतो ठीक आहे, आणि फुप्फुसात पाणी भरतं काही तासांनी. म्हणून रात्री दम लागला तर डॉक्टरला ब्लास्टचं आधी सांगा, नाहीतर दमा समजून पंप देऊन घरी पाठवायचे.