ल्योंच्या विणकरांचे १८३१ चे बंड जॅकार्डविरुद्ध होते का?

ताणाबाणा (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. आमच्या सोलापुरात चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्ड यंत्रावर उठते, ते मूळचे फ्रान्समधील ल्यों शहरातले, एवढे आम्हा विणकरांच्या घरांत सर्वांना ठाऊक असते. मात्र अलीकडे एका व्याख्यानात असे ऐकले की, या यंत्राने पोटावर पाय आणल्यामुळे तेथील रेशीम विणकरांनी १८३१ मध्ये बंड केले. जॅकार्ड जर १८०४ च्या सुमारास आले, तर विणकर इतकी वर्षे थांबले कसे? आणि ज्यांचे कापड युरोपातले राजवाडे सजवत होते, ते कारागीर इतके हलाखीत का होते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी पेठ

आपली शंका रास्त आहे. जॅकार्डला विरोध झाला, पण तो पहिल्या काही वर्षांत, आणि त्याला कारणही होते. त्याआधीच्या मागावर नक्षी विणायची तर विणकराच्या जोडीला एक मदतनीस, पुष्कळदा एखादी मुलगी, लागत असे आणि ती दिवसभर दोऱ्यांचे जुडगे ओढून हवे ते उभे धागे उचलून धरत असे. बूशों, फाल्कों आणि वोकांसों यांनी अठराव्या शतकात केलेल्या खटपटींचा आधार घेऊन जोसेफ-मारी जॅकार्डने हे काम छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर सोपवले. जेथे छिद्र असेल तेथे सुई आत शिरते आणि तो धागा उचलला जातो. छिद्र नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. मदतनिसांचे काम गेले हे खरेच. परंतु १८३१ पर्यंत हे यंत्र विणकराच्या स्वतःच्या घरात, त्याच्याच मालकीचे होऊन बसले होते. एवढा उंच माग मावावा म्हणून ल्योंमधील क्रुआ-रूसच्या टेकडीवर सुमारे ४ मीटर उंचीच्या खोल्यांची घरे उभी राहिली होती.

खरे भांडण दराचे होते. व्यापारी रेशीम आणि नक्षी देत असे, घरात दोन-चार माग असलेला मालक-विणकर ठरलेल्या दराने कापड विणून देत असे, आणि त्याच्याकडील कारागिराला त्या मजुरीतला साधारण निम्मा वाटा मिळत असे. ऑक्टोबर १८३१ मध्ये प्रीफेक्टच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या जिल्ह्याच्या प्रमुखाच्या, मध्यस्थीने किमान दरांचा तक्ता ठरला. काही व्यापाऱ्यांनी तो धुडकावला, तेव्हा नोव्हेंबरात विणकर रस्त्यावर उतरले आणि काही दिवस शहर त्यांच्या ताब्यात राहिले. ‘काम करून जगू, नाही तर लढत मरू’ अशी त्यांची घोषणा होती. डिसेंबरच्या सुरुवातीस सैन्य शहरात शिरले, दरांचा तक्ता रद्द झाला आणि प्रीफेक्टलाही पदावरून दूर करण्यात आले. ज्यांनी रास्त दरापलीकडे काही मागितले नव्हते, त्यांना यंत्रद्वेष्टे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

नक्षीकाम

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्याला एक बाजू जोडतो. ल्योंचा दबदबा नुसत्या तलम रेशमावर उभा नव्हता. १५३६ मध्ये राजा फ्रान्स्वा पहिल्याने तेथे विणकामाला सवलती दिल्या, तेव्हा उत्तम रेशमी कापड इटलीतून येत होते. पुढे चौदाव्या लुईच्या काळात त्याचा मंत्री कोलबेर याने कापडाच्या रुंदीपासून धाग्यांच्या संख्येपर्यंत नियम बांधून दर्जा सांभाळला. पण ल्योंने इतरांना मागे टाकले ते दरवर्षी नव्या नक्षी बाजारात आणून. परदेशी विणकर एखाद्या कापडाची नक्कल करून ते विकायला काढीपर्यंत पॅरिसने ती नक्षी जुनी ठरवलेली असे. नक्षी काढणाऱ्या चित्रकारांना तेथे मोठा मान होता. त्यांपैकी फिलिप द लासालने तर रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी कापडे केली, आणि तो नक्षीइतकाच मागाच्या रचनेतही मुरलेला होता.

ताणाबाणा

दोघांचेही आभार. मात्र नक्षी बदलली की माग नव्याने बांधावा लागतो, आणि आमच्याकडे त्या दिवसांची मजुरी हा कायमचा वादाचा विषय असतो. तेथे तो भार कोण सोसत होते?

जुनी पेठ

बहुतांशी विणकरच. मजुरी विणलेल्या कापडाच्या लांबीवर मिळे, त्यामुळे माग बांधण्यात गेलेले दिवस मालक-विणकराच्या अंगावर पडत, आणि नवी नक्षी खपली नाही तर थोडेसे कापड विणून पुन्हा सगळे सोडावे लागे. जॅकार्डने नक्षी बदलणे पुष्कळ सोपे केले, म्हणजे या भाराच्या बाबतीत ते विणकराच्या बाजूचेच यंत्र ठरले. आवड फिरली की मात्र त्याला कोणतेच यंत्र वाचवू शकत नव्हते. १७८३ मध्ये मारी आंत्वानेतचे साध्या पांढऱ्या मलमलीच्या पोशाखातले चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा राणीने फ्रेंच रेशीम सोडून परदेशी कापडाला उचलून धरल्याची ओरड झाली आणि चित्र काढून घ्यावे लागले. राज्यक्रांतीत तर दरबारच गेला. पुढे नेपोलियनने राजवाड्यांसाठी मोठ्या मागण्या नोंदवून हा धंदा सावरला खरा, पण दरबाराच्या मर्जीवर चालणाऱ्या धंद्यात विणकराच्या दिवसाचा हिशेब कोणीच धरत नव्हते. १८३१ चा तो तक्ता म्हणूनच महत्त्वाचा होता.