कच्छी येणाऱ्यांची मदत हवी आहे: रोजच्या वापरातली नामं आणि सर्वनामं

मी मुलुंडला घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. सध्याच्या पेशंट आजी कच्छी आहेत. पक्षाघातानंतर त्यांना गुजराती-हिंदी सुचत नाही, फक्त कच्छी बोलतात. त्यांच्या मुलाकडून थोडे शब्द घेतलेत: हथ म्हणजे हात, पग म्हणजे पाय, अख म्हणजे डोळा, मथो म्हणजे डोकं. गुजरातीच्या आधाराने कच्छी समजेल असं वाटलं होतं, पण ही भाषा सिंधीला जास्त जवळची आहे.

खरी अडचण सर्वनामांची आहे. 'आंऊं' म्हणजे मी, 'मुंके' म्हणजे मला, 'मुंजो' म्हणजे माझा, इतपत कळलंय. आजी 'मुंजो हथ' म्हणतात, पण डोळ्याला 'मुंजी अख'. म्हणजे मराठीसारखंच नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं ना? मग पग, मथो, कन, नक यांचं लिंग कोणतं?

दुसरं, वडीलधाऱ्यांना 'तूं' न म्हणता 'अंई' म्हणतात ना? मग 'तुमचा हात', 'तुम्हाला दुखतंय का' हे आदराने कसं म्हणायचं? आजींना अरेतुरे केलेलं मला चालणार नाही.

आणि 'असीं' व 'पां' यांत आपल्या आम्ही-आपणसारखाच फरक आहे का? 'आपण दोघी उभ्या राहू' हे मला रोज म्हणावं लागतं, त्यामुळे हे आधी सांगा.

मुलुंड-डोंबिवलीत कच्छी मंडळी भरपूर आहेत. कुणी देवनागरीत लिहून दिलं किंवा उच्चार रेकॉर्ड करून पाठवला तर फार उपयोग होईल. भुजकडची आणि मांडवीकडची बोली वेगळी असेल तर तेही सांगा. आजी मांडवीच्या आहेत.