मदत हवी आहे: बहिणीच्या लग्नासाठी फोटोग्राफर कसा ठरवू?

नमस्कार. धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात सांगलीला आहे. आदल्या दिवशी हळद आणि सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३५ चा मुहूर्त. फोटोग्राफर ठरवायचं काम माझ्याकडे आहे आणि दोन आठवडे झाले, निर्णय होत नाहीये.

एवढी काळजी का, ते सांगते. सात वर्षांपूर्वी माझ्या लग्नात आजीने स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं होतं. वय ब्याऐंशी, माइक दोन्ही हातांत घट्ट धरलेला, आवाज कापत होता, पण 'शुभ मंगल सावधान' अगदी खणखणीत. व्हिडिओ आला तेव्हा त्या जागी सिनेमाचं गाणं टाकलेलं. मूळ फुटेज मागितलं तर म्हणाले, डिस्क भरली म्हणून पुसलं. दीड वर्षाने आजी गेली. तिचा आवाज आता आमच्याकडे कुठेच नाही.

सध्या दोघेजण डोळ्यांसमोर आहेत. पुण्याची एक टीम १ लाख ४० हजार म्हणते, राहण्या-जेवणाचं वेगळं. त्यांचं इन्स्टाग्राम फार देखणं आहे, पण प्रत्येक लग्नाचे आठ-दहाच फोटो आणि बहुतेक सगळे उघड्यावरचे, संध्याकाळच्या उन्हातले. आमच्या कार्यालयात पिवळे दिवे आणि स्टेजवर रंगीत एलईडी!

सांगलीचे एक दादा अल्बमसकट ६५ हजार सांगतात. त्यांनी एका लग्नाचा अख्खा अल्बम पुढ्यात ठेवला. त्यात गौरीहरापाशी बसलेल्या नवरीचा एक फोटो होता. पिवळी अष्टपुत्री, मान खाली, खिडकीतला उजेड नेमका चिमटीतल्या तांदळांवर. मी तिथेच थांबले. पण त्यांच्या मोठ्या व्हिडिओतही सगळीकडे गाणीच आहेत, म्हणून मन घट्ट होत नाही.

पुण्याच्या करारात 'फोटो जाहिरातीसाठी वापरू' असंही आहे. बहिणीला ते अजिबात नको. कुणाला निवडावं, आणि आधी काय काय विचारून घ्यावं?

प्रतिसाद १

ताई, कोल्हापूर भागात बारा वर्षं लग्नं शूट करतोय. तुमचं वाचून वाईट वाटलं.

अख्खं लग्न दाखवणाऱ्याकडे माझा कल राहील. गाण्यांची छोटी फिल्म आणि मूळ आवाजातला पूर्ण व्हिडिओ, दोन्ही वेगवेगळे मागा आणि लिहून घ्या. कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबू नका, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट रेकॉर्डरला लाइन द्यायला सांगा. हार्ड डिस्क तुम्हीच आणून द्या आणि फुटेज तिच्यावर आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. कॅमेऱ्यात दोन कार्डं एकदम भरतात का, तेही विचारा. एक कार्ड गेलं तरी लग्न जात नाही.

एलईडीखालचे फोटो आवर्जून बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर दिवे डोळ्यांना न जाणवता लुकलुकतात, त्यामुळे शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदाच्या आसपास ठेवला नाही तर बऱ्याचदा फोटोत आडवे पट्टे येतात. कार्यालयात काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

मालकीचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंची पहिली मालकी पैसे देणाऱ्याची, पण करारात वेगळं ठरलं नसेल तरच. म्हणून जाहिरातीचं ते वाक्य सहीआधीच खोडायला लावा.

आणि मुहूर्ताला दोन माणसं हवीतच, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना एकेक. अंतरपाट दूर होतो तेव्हा सगळ्यांची नजर नवरा-नवरीवर असते. मी त्या दोन-तीन सेकंदांत नवरीमागे उभ्या असलेल्या मामाकडे लेन्स वळवतो. अक्षता टाकायच्या राहून मूठ तशीच मिटलेली असते. त्या एका फोटोसाठी मी अजूनही सकाळी सहाला आनंदाने कार्यालयात पोचतो.

आजींचं मंगलाष्टक कुठे लिहिलेलं आहे का? असेल तर या लग्नात कुणीतरी म्हणा.

धागा सुरू करणारी

दादा, मनापासून आभार. मंगलाष्टक आईच्या ट्रंकेत आहे, आजीच्याच अक्षरात. मावशीला आत्ताच फोन केला, ती म्हणणार आहे. सांगलीच्या दादांना उद्या कार्यालयातच बोलावते, साउंडवाल्यालाही. मिक्सरच्या लाइनचं दोघांसमोर ठरवून मगच ॲडव्हान्स देईन.