ऑफिसातली वर्णभेदाविरुद्धची कमिटी: चौघंच उरलोय, काय करू?

जर्सीची_चकली:
नमस्कार मंडळी, जरा डोकं खायला आलेय. न्यू जर्सीत एका कंपनीत बारा वर्षं आहे. 2020 मधे जॉर्ज फ्लॉइडच्या (पोलिसाच्या हातून मेलेला ब्लॅक माणूस) प्रकरणानंतर सगळीकडे निघाल्या तशी आमच्याकडेही कमिटी निघाली, ट्रेनिंग झालं, लॉबीत पोस्टर लागले. आता पोस्टर आहेत आणि कमिटीत आम्ही चौघं, त्यातही मी "ब्राऊन" म्हणून बॉसने परस्पर नाव टाकलेलं. आमच्या मजल्यावर ब्लॅक लोक जवळपास सगळे कस्टमर सपोर्टला, वरच्या टीममधे एकच होती, ती पण सोडून गेली. एचआरला काही बोलली नाही पण पार्किंगमधे मला म्हणाली, सहा वर्षांत तिघांना मी काम शिकवलं आणि तिघंही माझे बॉस झाले. ते काही डोक्यातून जात नाही. मीटिंग घेतली की गोरे कलीग गप्प, आपले देसी म्हणतात आपला काय संबंध. हे सगळ्यांना आपलं काम वाटावं यासाठी कुणी काही केलंय का?

खडूस_काका:
ताई, नोकरी सांभाळा. अर्ध्या देसी लोकांचा व्हिसा कंपनीच्या हातात, ते कशाला तोंड उघडतील? आणि जानेवारी 2025 मधे ट्रम्पने नोकरीत भेदभाव नको म्हणणारा तो 1965 चा सरकारी आदेशच रद्द केला, आता कंपन्याच हळूहळू काढता पाय घेतायत.

शिकागोची_सून:
काका, तो आदेश सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांसाठी होता हो. नोकरीत वंशावरून भेदभावाला बंदी घालणारा 1964 चा सिव्हिल राइट्स कायदा आहे तिथेच आहे. मी एचआरमधे आहे, म्हणून सांगते चकली, लोकांची मनं बदलायच्या मागे लागू नकोस, आधी बढती कशी ठरते ते कागदावर आणायला लाव. नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक पॉवर म्हणून वीज कंपनी होती, तिथे ब्लॅक कामगारांना फक्त मजुरीच्या खात्यात घ्यायचे, आणि त्या खात्यातला सगळ्यात जास्त पगार बाकी खात्यांतल्या सगळ्यात कमी पगाराहून कमी! त्या कायद्यातला नोकरीचा भाग लागू झाला 2 जुलै 1965 ला, आणि त्याच दिवसापासून कंपनीने वरच्या खात्यांसाठी लेखी परीक्षा आणली, हायस्कूल पास ची अट होतीच. दिसायला नियम सगळ्यांना सारखा. पण हायस्कूल न झालेले जुने गोरे कामगार त्याच खात्यांत व्यवस्थित काम करत होते की! 1971 मधे सुप्रीम कोर्टाने म्हटलं, त्या कामाशी संबंध दाखवता येत नसेल तर अशी अट चालणार नाही, भले हेतू वाईट नसू दे. तर तू एवढंच विचार, गेल्या पाच वर्षांत कोणाला बढती मिळाली, त्या जागा आधी जाहीर झाल्या होत्या का, निकष इंटरव्ह्यूच्या आधी लिहिले होते की नंतर. ट्रेनिंगमधे झोपणारे मॅनेजर पण ही यादी समोर आली की जागे होतात, स्वतः पाहिलंय.

निळं_आभाळ:
"आपला काय संबंध" वर बोलतो. 2004 चा तो अभ्यास माहीत असेल, बोस्टन आणि शिकागोत सारखेच बायोडेटा पाठवले, फक्त नावं बदलली, आणि गोऱ्या वाटणाऱ्या नावांना साधारण 50 टक्के जास्त फोन आले. आपले लोक हे वाचून हळहळतात आणि नवीन मराठी मुलगा जॉइन झाला की पहिला प्रश्न, आडनाव काय? नुसतं नाव सांगितलं की पूर्ण नाव विचारतात, मग गाव. मला तिन्ही विचारून झालंय, नंतर लंचची बोलावणीच बंद. सिएटलने 2023 मधे जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचं तसंच बिल गव्हर्नरने व्हेटो केलं, तेव्हा बिलाच्या विरोधात आपलेच किती पुढे होते आठवा. जोतीरावांनी 1873 मधे "गुलामगिरी" हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना, पुण्यात बसून त्यांना संबंध दिसला आणि आपल्याला न्यू जर्सीतल्या एडिसनमधे राहून दिसेना.

ताई, तुमच्या टीममधे माणसं येतात कुठून ते एकदा बघा. रेफरलनेच ना, म्हणजे आतल्या लोकांनी ओळखीतली नावं सुचवून?

जर्सीची_चकली:
सून, यादी मागितलीय, सोमवारी देतो म्हणालेत, बघू कुठला सोमवार ते.

आभाळ, तुमचं वाचून आज माझे रेफरल मोजले. चार वर्षांत नऊ. नऊही देसी, त्यातले सात मराठी, आणि आडनावं बघितल्यावर पुढे मोजायची हिंमत झाली नाही. त्यावर मिळालेल्या बोनसमधून किचन रंगवलंय. आता कमिटीत "रेफरल बोनस बंद करा" हा मुद्दा मीच मांडायचा म्हणजे आमच्याच टीममधे चहाला कोणी बोलावेल का कोण जाणे. कुणाकडे असा बोनस बंद केलाय का खरंच? मग माणसं कुठून आणता?