टीव्हीवरच्या जाहिराती आपण नेटवर काय शोधलं त्यावरून ठरतात का?

प्रक्षेपक
काल गुगलवर गादी शोधली आणि आज टीव्हीवर गादीचीच जाहिरात लागली, म्हणजे टीव्हीपर्यंत बातमी पोचते, असं हल्ली कोणीही ठामपणे सांगतं. अँटेना, केबल किंवा डिशवरून येणाऱ्या नेहमीच्या वाहिनीबद्दल हे चुकीचं आहे. जाहिरातींचा क्रम आधीच लागलेला असतो, प्रक्षेपण केंद्रातून एकच सिग्नल निघतो आणि घराघरांत तोच उतरतो. जाहिरातदार वेळ विकत घेतो तो मीटर बसवलेल्या नमुना घरांच्या आकड्यांवरून. त्यात वयोगट असतो, स्त्री-पुरुष असतं, तुमचा सर्च नसतो.

मग जुळतं कसं? पुष्कळदा क्रम उलटा असतो. जाहिरात आधी कानावरून गेलेली असते आणि शोध तिच्यामुळेच होतो. शिवाय तीच जाहिरात महिनाभर रोज लागत असते, पण शोधल्यानंतर पहिल्यांदा नजरेत भरते. भाषाशास्त्रज्ञ अर्नोल्ड झ्विकी यांनी २००५ मध्ये या भासाबद्दल लिहिलं आहे.

जालकर
'घराघरांत तोच' हे आता सगळीकडे खरं राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये स्काय या टीव्ही कंपनीने २०१४ मध्ये अ‍ॅडस्मार्ट सुरू केलं. त्यात वेगवेगळ्या जाहिराती सेट टॉप बॉक्सच्या हार्ड डिस्कवर आधीच उतरवून ठेवतात. ब्रेक आला की बॉक्स मूळ जाहिरातीच्या जागी त्या घरासाठी ठरलेली लावतो. लांबी तंतोतंत जुळावी लागते, ३० सेकंदांच्या जागी ३० सेकंदांचीच. ब्रेक कुठे सुरू होतो हे सांगण्यासाठी डिजिटल प्रवाहात एससीटीई-३५ नावाची खूण घालण्याची पद्धत आहे. खूण उशिरा आली की मूळ जाहिरातीचा तुकडा डोकावतो आणि मग बदल होतो.

स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये तर हे आणखी सोपं आहे. तिथे जाहिरात बहुधा सर्व्हरवरच कार्यक्रमात जोडली जाते. त्याआधी जाहिरातीसाठी जी विनंती जाते तिच्यात तुमचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), टीव्हीचा जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी टीव्हीला दिलेला ओळख क्रमांक) आणि अ‍ॅपचं नाव असतं. ही विनंती पाहून जाहिरातदार तिथल्या तिथे बोली लावतात.

प्रक्षेपक
मान्य, पण अ‍ॅडस्मार्टमध्ये घर निवडतात ते परिसर, कुटुंबाची रचना, ग्राहक म्हणून असलेली नोंद आणि विकत घेतलेली माहिती यांवरून. सर्चमधले शब्द त्यात कुठे आले? मुद्दा शोधाचा आहे, नेमकेपणाचा नाही.

कळफलक
शोधलेला शब्द कोणाकोणाला दिसतो, हे आधी बघू. सर्च इंजिनशी जोडणी एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कोणाला वाचता न येणारी असते, त्यामुळे इंटरनेट कंपनीला फार तर संकेतस्थळाचं नाव कळतं, शब्द नाही. शब्द राहतो सर्च इंजिनकडे आणि ब्राउझरकडे. ब्राउझरमध्ये परवानगी दिलेलं एखादं एक्स्टेंशन (वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम) असेल तर त्यालाही तो वाचता येतो.

खरी गळती पुढच्या क्लिकला होते. निकालातलं दुकान उघडलं की पानावरचा ट्रॅकिंग पिक्सेल (नोंद घेण्यासाठी ठेवलेलं न दिसणारं चित्र) तुमचा आयपी पत्ता टिपतो. त्याच आयपीवरून टीव्ही जाहिरात मागतो तेव्हा 'हे तेच घर' अशी जोडणी लागते. लोक ज्याला 'सर्च केलं म्हणून' म्हणतात ते बऱ्याचदा 'दुकान उघडलं म्हणून' असतं.

ही जोडणी कच्ची असते. फोन मोबाइल डेटावर असेल तर आयपी वेगळा. व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्फत जाणारी जोडणी) असेल तर वेगळा. इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांना वाटून देत असेल तर शेजाऱ्याने उघडलेल्या दुकानाची जाहिरात तुमच्याकडे येऊ शकते.

मोजपट्टी
सर्चचा थेट संबंध नाही असं सरसकट म्हणता येणार नाही. यूट्यूबवरच्या जाहिरातींसाठी खात्यावरचे जुने सर्च वापरले जातील, हे गुगलने जानेवारी २०१७ मध्ये स्वतः जाहीर केलं. गुगल अ‍ॅड्समध्ये जाहिरातदार शब्दांची यादी देऊन 'हे शब्द गुगलवर शोधणारे लोक' असा गट बनवू शकतो. उपकरणांच्या यादीत टीव्हीचा पडदा हा वेगळा प्रकार आहे. म्हणजे गादी शोधणाऱ्याला टीव्हीवर गादी दाखवण्याची सोय आहेच. अट एवढीच की टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये तेच खातं उघडलेलं हवं आणि जाहिरातींचं वैयक्तिकीकरण चालू हवं.

प्रक्षेपक
यूट्यूबला मी टीव्ही वाहिनी मानत नाही. ते टीव्हीवर चालणारं इंटरनेट आहे.

कळफलक
पडदा तोच, सोफ्यावर बसलेला माणूस तोच. तुमचा फरक तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण 'टीव्हीवर असं होत नाही' हे ऐकून लोक सेटिंग उघडतच नाहीत, आणि नुकसान तिथे होतं.

त्यात उलटी वाटही आहे. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे नमुने घेऊन तुम्ही काय बघता ते ओळखतो. याला एसीआर म्हणतात. एचडीएमआयला लावलेल्या बॉक्समधलं चित्रही त्यातून सुटत नाही. परवानगी न घेता हे केल्याबद्दल अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीने २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. प्रकरण १ कोटी १० लाख टीव्हींचं होतं. बंद करायचं असेल तर सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' शोधा. जाहिरात आयडी रिसेट करण्याची सोय वेगळ्या मेनूत असते. एक बंद केलं म्हणून दुसरं बंद होत नाही.

मोजपट्टी
तपासायचं असेल तर सुमारे दहा वस्तू आधी लिहून काढा आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन भाग करा. एका भागातल्या वस्तू खातं उघडं ठेवून फक्त शोधा, एकही निकाल उघडू नका. दुसऱ्या भागाला हातही लावू नका. मग दोन आठवडे वाहिनी, स्ट्रीमिंग अ‍ॅप आणि यूट्यूब यांवरच्या जाहिरातींच्या वेगवेगळ्या नोंदी ठेवा. न शोधलेल्या वस्तूही तितक्याच वेळा दिसल्या, तर ते शोधामुळे झालं असं म्हणता येत नाही.

जालकर
यात एक भोक आहे. ज्या वस्तूसाठी कोणी टीव्हीची जागा विकत घेतलेलीच नाही, ती कितीही शोधली तरी दिसणार नाही. वस्तू निवडताना त्यांच्या जाहिराती त्या पडद्यावर आधीपासून चालू आहेत याची खात्री करा. राउटरमधली डीएनएसची नोंदही (घरातल्या उपकरणांनी कोणत्या सर्व्हरचे पत्ते विचारले त्याची यादी) बघा. टीव्ही कोणत्या जाहिरात सर्व्हरशी आणि कधी बोलतो ते तिथे दिसतं. काय बोलतो ते एन्क्रिप्शनमुळे दिसत नाही.

प्रक्षेपक
वाहिनीच्या रकान्यात दोन्ही भागांत फरक निघणार नाही, हे मी आत्ताच लिहून देतो. यूट्यूबचा रकाना तुमचा.